नाव न विचारणारे भाऊ

भाऊ गेले त्याला आता वर्ष होत आलं. वृद्धाश्रमाच्या हॉलमध्ये त्यांचा मोठा फोटो लावायचं ठरलंय आणि त्यानिमित्तानं एक छोटं पुस्तकही निघणार आहे. समितीच्या सेक्रेटरींचा मला फोन आला. "सिस्टर, तुम्ही भाऊंच्या सोबत इतकी वर्षं काढली. दोन पानं लिहून द्या ना, त्यांच्या प्रेमळ स्वभावावर." मी हो म्हटलं. माझं लिहिणं ते छापणार नाहीत हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण बाकीच्यांनी काय लिहिलं असेल ते मी न वाचता सांगू शकते, आणि भाऊंचा मनापासून राग करणारी त्या अख्ख्या आश्रमात मी एकटीच होते.

हो, राग. माणूस गेला म्हणून तो गेलेला नाही. उलट सगळीकडून त्यांचं कौतुक ऐकू येतं तसा तो वाढतोच आहे.

आश्रम भंडाऱ्याच्या बाहेर, तुमसर रस्त्याला. मी दवाखान्यातून निवृत्त झाले आणि तिथं सकाळच्या वेळेला नर्स म्हणून लागले. भाऊ व्यवस्थापक होते. गोरेपान, गोल चेहऱ्याचे, पांढरा पायजमा-कुडता कडक इस्त्रीचा, खांद्यावर टॉवेल आणि अंगाला कापराचा वास. त्यांचे हात कायम ओलसर आणि गरम असायचे. बोलताना समोरच्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरायची त्यांना सवय होती. पहिल्याच दिवशी त्यांनी माझाही धरला होता. मी तो पदराला पुसला, तेव्हाच आमचं जमणार नाही हे ठरलं असावं.

भाऊंना लोक देवमाणूस म्हणत. आश्रम बघायला पाहुणे आले की भाऊ त्यांना खाटा दाखवत फिरायचे आणि म्हणायचे, "आमच्या इथं नाव-बिव चालत नाही जी. नाव विचारनं म्हनजे मान्साले परकं करनं. आपल्या मायले कोनी नाव विचारते का?" पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. ते ऐकून माझ्या मात्र कपाळावर आठ्या पडायच्या. सगळ्या नोकरीत मला एकच गोष्ट हाडीमासी भिनेपर्यंत शिकवली होती, की गोळी हातात घेतली की आधी नाव विचारायचं. रोजचा पेशंट असला तरी विचारायचं. सख्खी बहीण खाटेवर असली तरी विचारायचं.

भाऊंनी बायकांना गावावरून हाक मारायची पद्धत ठेवली होती. आमच्याकडं सून घरात आली की तिचं नाव मागं पडतं आणि माहेरच्या गावावरून हाक सुरू होते. मोहाडीवाली, पवनीवाली, लाखनीवाली. आधी सासू मारते, मग जावा, मग सगळा मोहल्ला. बायकांनाही ती हाक आवडते, कारण तिच्यात माहेर असतं. हे सगळं मला मान्य आहे. माझी आईसुद्धा जन्मभर साकोलीवालीच होती. पण साकोलीवालीला कोणी रक्तदाबाची गोळी देत नव्हतं.

सकाळी चहाच्या आधी भाऊ गोळ्या वाटायला निघायचे. हे काम नर्सचं, पण ते त्यांनी कुणाला करू दिलं नाही. गोळ्या ठेवायला त्यांच्याकडं मसाल्याचा डबा होता. खरोखरचा मसाल्याचा डबा, स्टीलचा गोल, आत लहान वाट्या. रविवारी दुपारी बायकांना भोवती बसवून, शेंगा सोलाव्या तशा पट्ट्यांतून गोळ्या सोलायचे आणि वाट्या भरायचे. गप्पा चालायच्या, हसणं चालायचं. रिकाम्या पट्ट्या कचऱ्यात.

"भाऊ, त्या पट्टीवर औषधाचं नाव असतं," मी म्हटलं. "ती फेकली की कुठली गोळी कशाची ते कळणार कसं?"

"रंगावरून कळते ना जी. हे पांढरी बीपीची, हे पिवळी पोटाची. मले झोपेत विचारा."

"आणि कंपनी बदलली, रंग बदलला तर?"

"तुमी लय भेता, सिस्टर," म्हणून त्यांनी बायकांकडं बघितलं आणि बायका हसल्या. भाऊंचं सगळं असंच चालायचं. माझ्या प्रश्नाचं उत्तर ते मला द्यायचेच नाहीत. ते बायकांकडं बघायचे.

गोळी द्यायची रीतही त्यांचीच. वाटी नाही, चमचा नाही. स्वतःच्या ओल्या तळहातावर गोळी घ्यायची, खाटेशी वाकायचं आणि म्हणायचं, "घे माय, परसाद." म्हातारी उजव्या हाताखाली डावा हात धरून ती घ्यायची, कपाळाला लावायची आणि तोंडात टाकायची. एकदा प्रसाद म्हटल्यावर हा कशाचा म्हणून कोण विचारणार? गोळी चुकीच्या माणसाकडं गेली तर शेवटी अडवणारा तो माणूसच असतो. 'ही माझी नाही' एवढं तो म्हणाला की संकट टळतं. भाऊंनी सगळ्यांचं ते तोंड प्रेमानं बंद करून टाकलं होतं.

एकानं उघडलं होतं. जवाहरनगरच्या कारखान्यात जन्म घालवलेले एक फोरमनसाहेब पुरुषांच्या खोलीत राहायला आले. शिस्तीचा माणूस, चप्पलसुद्धा खाटेखाली सरळ रेषेत ठेवणारा. पहिल्याच सकाळी भाऊंनी "घ्या बाबाजी, परसाद" म्हणून हात पुढं केला तर हे म्हणाले, "ही कशाची गोळी आहे?"

भाऊंचा चेहरा असा उतरला की बघवेना. "काहून जी साहेब? आमच्यावर भरोसा नाही का?" आवाज कापायला लागला. टॉवेलानं डोळे पुसून ते पुढं गेले. बस्स, तेवढंच. त्या दिवसापासून व्हरांड्यात फोरमनसाहेबांच्या शेजारी कुणी बसेना. "भाऊले रडवलं ना त्या मान्सानं," बायका आपसांत बोलायच्या आणि ते ऐकू जाईल असं बोलायच्या. कॅरम खेळताना त्यांना कुणी भिडू मिळेना. मी त्यांना एकटं गाठून म्हटलं, "साहेब, तुम्ही बरोबर केलंत. विचारत राहा." ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सिस्टर, मला आता इथंच मरायचं आहे. सगळ्यांशी वाकडं घेऊन कसा राहू?" थोड्या दिवसांत तेही हात पुढं करायला लागले. भाऊंनी त्यांना मिठी मारली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

बायकांच्या खोलीत सगळ्यांत वयस्कर होत्या अनसूयाबाई. माहेर करडी, म्हणून करडीवाली. अंगानं काडीसारख्या, पण तब्येत ठणठणीत. साखर नाही, बीपी नाही. दिवसभर उन्हाला पाय सोडून तांदळातले खडे वेचायच्या. त्यांना एकच दुःख होतं आणि ते ऐकून मला हसू यायचं. त्यांना गोळी नव्हती. भाऊ प्रत्येक खाटेशी वाकायचे, दोन शब्द बोलायचे, आणि ह्यांच्या खाटेवरून नुसता हात फिरवून पुढं जायचे. "मले नाही का बाप्पा परसाद?" त्या विचारायच्या. कधीमधी भाऊ त्यांच्या हातावर बत्तासा ठेवायचे. तेव्हा त्या दिवसभर खूश असायच्या.

पुढं एक दुसरी बाई आली. अंगानं भरलेली, वयानं अनसूयाबाईंपेक्षा बरीच लहान, साखरेचा जुना आजार. मुलगा सोडून गेला तशी ट्रंकेवर बसून रडत होती. भाऊ तिच्यापाशी उकिडवे बसले. "माहेर कोनतं माय तुहं?"

"मायं माहेर गोसीखुर्द धरनाच्या पान्यात गेलं जी," ती म्हणाली आणि हंबरडाच फोडला. भाऊही रडले. खोटं रडत होते असं मी म्हणणार नाही. त्यांना रडू खरंच यायचं, हेच तर अवघड होतं.

"त्या गावाचं नाव नको घेऊ मग. सासर कोनतं?"

"करडी."

"त आजपासून तूही करडीवाली."

मी तिथंच उभी होते. म्हटलं, "भाऊ, एक करडीवाली आहे ना आपल्याकडं. अनसूयाबाई."

"त्याच्यात काय एवढं? हे मोठी करडीवाली, ते लहान करडीवाली."

"पण वयानं अनसूयाबाई मोठ्या आहेत. उद्या कुणाला मोठी म्हटलं ते कसं कळायचं?"

"अवो सिस्टर, डोये हायेत का नाही? दिसून राहिलं ना कोन मोठी हाय ते!" भाऊंनी हातांनी तिच्या देहाचा घेर दाखवला. सगळी खोली हसली. रडणारी ती बाईसुद्धा हसली. भाऊंनी तिला हसवलं ही गोष्ट नंतर कितीतरी दिवस पाहुण्यांना सांगितली गेली.

मी घरी जाऊन पुठ्ठे कापले. प्रत्येकीचं पूर्ण नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि खाटांना बांधलं. दुसऱ्या दिवशी आले तर एकही पुठ्ठा नव्हता. भाऊ म्हणाले, "हे काय जेल हाय का जी, नंबर लावाले?" मी समितीकडं तक्रार केली. समितीतले लोक म्हणाले, सिस्टर, भाऊंचं मन दुखवू नका, त्यांच्यामुळं आश्रम चाललाय. मी चूप बसले नाही, पण माझं ऐकणारं तिथं कुणी नव्हतं.

मग तो श्रावणातला सोमवार आला. भाऊंचा भंडाऱ्यात सत्कार होता. माझी सुट्टी होती, मी तुमसरला बहिणीकडं गेले होते. निघताना भाऊंनी मसाल्याचा डबा वंदा नावाच्या नव्या पोरीच्या हातात दिला. ती पवनीकडची, कामाला लागून थोडेच दिवस झाले होते. कोणाला कोणती गोळी ते भाऊंनी तिला तोंडीच सांगितलं. "हे गोयी मोठ्या करडीवालीले दे."

वंदानं पुढचं मला नंतर सांगितलं, रडत रडत. तिनं खोलीत जाऊन विचारलं होतं, "मोठी करडीवाली कोन हाय जी?" तिच्या घरात मोठी म्हणजे वयानं मोठी. मोठी जाऊ, मोठी माय. आमच्या सगळ्यांच्याच घरात तसंच असतं. अनसूयाबाई खाटेवरून म्हणाल्या, "मीच ना बाई. ते त मायाहून लहान हाय." वंदानं हातावर गोळी ठेवली आणि भाऊंनी शिकवलं होतं तसं म्हणाली, "घ्या माय, परसाद."

सोमवारचा उपास होता. पण प्रसादानं कुठं उपास मोडतो? अनसूयाबाईंनी गोळी कपाळाला लावली आणि घेतली. वंदा म्हणाली, "लय खूश झाल्या होत्या जी त्या."

उपाशी पोटी, काडीसारख्या देहात, साखर उतरवणारी जोरदार गोळी. दुपारी त्या खाटेवर आडव्या झाल्या. उपासानं डोळा लागला असेल म्हणून कुणी उठवलं नाही. भाऊ सत्काराहून आले, शाल-नारळ घेऊन, सगळ्यांना पेढे वाटत. अनसूयाबाईंना झोपलेलं बघून त्यांनी सत्काराची शाल त्यांच्या अंगावर पांघरली. तो प्रसंग सगळ्या बायकांना आठवतो. या पुस्तकात तो कुणीतरी लिहिलाच असेल.

मी तुमसरहून परत जाताना एका म्हाताऱ्याचं ड्रेसिंग करायला म्हणून उतरले. बायकांच्या खोलीत डोकावले आणि शाल बघून थबकले. श्रावणातला उकाडा आणि ही शाल? कपाळाला हात लावला तर घामानं थबथबलेलं, गार. हाक मारली, हलवलं, चिमटा काढला. काही नाही. साखर तपासायचं मशीन भाऊंच्या कपाटात होतं आणि त्याचा सेल संपलेला होता. तेवढ्यात भाऊ साखरपाण्याचा पेला घेऊन धावले आणि त्यांच्या तोंडात ओतायला लागले. मी तो पेला हिसकावला. "बेशुद्ध माणसाच्या घशात पाणी घालता? गुदमरून जातील!" भाऊ माझ्याकडं असे बघायला लागले, की जणू मीच काही केलं होतं. मी बोटावर साखर घेऊन अनसूयाबाईंच्या गालाच्या आत चोळत बसले, आणि गाडी येईपर्यंत चोळत राहिले.

दवाखान्यात भाऊंनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. बघणाऱ्याला वाटावं, मुलगाच आहे. खिडकीतल्या माणसानं विचारलं, "पेशंटचं नाव?"

"करडीवाली," भाऊ म्हणाले.

"गाव नका सांगू. नाव सांगा."

भाऊंनी माझ्याकडं बघितलं. इतकी वर्षं रोज ज्यांच्या केसांवरून हात फिरवला, त्यांचं नाव या माणसाला माहीत नव्हतं. मी पुढं होऊन सांगितलं, अनसूयाबाई. सासरचं आडनावही सांगितलं. डॉक्टरांनी सुई लावली, साखर चढवली, करायचं ते सगळं केलं. पण फार वेळ गेला होता. दुसऱ्या दिवशी अनसूयाबाई गेल्या.

सासरच्या गावाहून त्यांचा मुलगा आला. तो भाऊंच्या पायाशी वाकला आणि भाऊंनी त्याला उठवून छातीशी धरलं. "वय झालं होतं बाप्पा. उपासाचा दिवस पाहून देवानं नेलं." मी त्याला बाजूला घेऊन खरं काय झालं ते सांगितलं, एक शब्द न लपवता. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सिस्टर, माह्या घरात मायले कोनी पुसत नव्हतं. भाऊनं तिले मायसारखं ठेवलं. तुमी काहून त्यायच्या मागं लागता?" त्याच्या घरातलं त्याला माहीत.

वंदा दुसऱ्या दिवसापासून कामावर आली नाही. भाऊ सगळ्यांना सांगत होते, "पोरगी नवी होती. चुकली बिचारी. मी माफ केलं तिले." हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. भाऊंची मला पूर्वी चीड यायची. त्या वाक्यापासून मला त्यांचा तिटकारा आला, आणि तो आजही आहे.

मी समितीला स्पष्ट सांगितलं, यापुढं पट्टीतून गोळी आणि नाव विचारूनच गोळी, नाहीतर मी चालले. दुसरी नर्स मिळणं सोपं नव्हतं, म्हणून ते कबूल झाले. भाऊ मला नीट असे शेवटचे दिसले ते त्यानंतरच्या सकाळी. पुढं त्यांची तब्येत ढासळली आणि ते नागपूरला मुलीकडं गेले, ते परत आले नाहीत.

त्या सकाळी गोळ्यांचा ट्रे त्यांनी माझ्या हातात दिला. "तुमीच विचारा सिस्टर. माह्यानं नाही होत." आणि बायकांच्या खोलीच्या दारात उभे राहिले.

एकेक करत मी साखरवाल्या बाईपर्यंत आले. शेजारची खाट रिकामी होती, गादी गुंडाळून ठेवलेली. बाईंनी सवयीनं उजव्या हाताखाली डावा हात धरला.

"नाव सांगा बाई."

त्यांनी माझ्या खांद्यावरून दाराकडं बघितलं. "भाऊले मालूम हाय जी."

"मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"भाऊले इचारा ना. त्यायले समदं मालूम हाय."

मी वळले. भाऊ हसले, तेच गोड हसू. "हो माय, मले मालूम हाय. घे तू."

मी मूठ मिटली. "मग तुम्हीच सांगा, भाऊ."

भाऊंनी खांद्यावरचा टॉवेल सारखा केला. खोलीतल्या सगळ्या बायका माझ्याकडं बघत होत्या आणि त्यांच्या नजरेत माझ्याबद्दल काय होतं ते मला चांगलं वाचता येत होतं. बाई रडायला लागल्या. मी हलले नाही. गोळी माझ्या मुठीत होती आणि ती चुकीच्या हातात गेली की काय होतं ते शेजारच्या खाटेवर दिसत होतं. शेवटी बाईंनी पदर डोक्यावर ओढला आणि अगदी हळू म्हणाल्या, "कौसल्या."

"ही साखरेची गोळी, कौसल्याबाई. तुमचीच आहे." मी त्यांना गोळी दिली आणि पाणी दिलं.

"वा माय!" दारातून भाऊंचा भरून आलेला आवाज आला. "केवढं सुंदर नाव हाय तुहं!" त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. कौसल्याबाई रडता रडता हसल्या आणि सगळी खोली पुन्हा त्यांच्याकडं बघायला लागली, त्याच मायेनं.

माझं डोकं फिरलं. मी रिकाम्या खाटेवर हात ठेवला. "आणि हिचं? हिचं नाव सांगा, भाऊ. दवाखान्यात तुमच्यासमोर सांगितलं होतं मी."

भाऊंनी खाटेकडं बघितलं. टॉवेलानं डोळे पुसले.

"आपली लहान करडीवाली," ते म्हणाले.